काकूंचं कोरं कपाळ

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पियू झोपलेली होती आणि लाईट आलेली होती. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी घडणं म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या घरात तीन वर्षांचं लेकरू आणि आमच्या चुडावा गावची लाईट आहे त्यांनाच कळंल! मी घड्याळाकडं बघितलं, देवाला हात जोडले आणि मशीनवर बसले.

तिथंच सगळं बिघडलं.

आता माझा हा पराक्रम ऐकून तुम्ही हसणार, हसाच. पण जरा दमानं हसा. कारण यात एक बाई गेलेली आहे, आणि ती लय चांगली बाई होती.

आधी मशीन कसली ते सांगते. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. एक वाकलेला लोखंडी हात, त्याला करवतीचं दोऱ्यासारखं बारीक पातं. ते पातं वर-खाली, वर-खाली होतं आणि आपण त्याच्यापुढं पातळ फळी फिरवत बसायचं. शिलाई मशीनवर कापड फिरवतो ना, तसं. सासूबाई तिला 'लाकडं शिवायची मशीन' म्हणतात. आमच्या यांनी हौसेनं कुणाची तरी जुनी आणली, एक गणपती अर्धा कापला, त्याची सोंड तुटली आणि मशीन पलंगाखाली गेली. पलंगाखालचा केर मीच काढते, त्यामुळं ती माझ्या नशिबी आली.

मी सातवी शिकलेली. घाबरट म्हणाल तर अशी, की पियूला शिंक आली तरी मी आधी तिचं कपाळ बघते, मग माझं. तर असल्या बाईनं करवतीपुढं बसायचं! प्लग काढलाय का हे उठून उठून बघायची. भुसा लेकराच्या छातीत जाईल म्हणून दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायची. पण एकदा पातं रेषेवरून चालायला लागलं, की काय सांगू, डोक्यातली सगळी कटकट बंद व्हायची. दिवसभरात तेवढाच वेळ मी कशालाच भ्यायची नाही.

मोबाईलवर बघत बघत मी शिकले आणि तिथूनच आमच्या ग्रुपमध्ये शिरले. परभणी जिल्ह्यातली ही मशीन चालवणारी हौशी माणसं. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच आहोत. आणि बोटं सगळ्यांची जाग्यावर आहेत, हे विशेष!

ती जाग्यावर राहिली वसंतकाकांमुळं. वसंतकाका म्हणजे पिंगळीचे, रिटायर झालेले क्लार्क. ग्रुपमध्ये कुणी अडलं की काका बोलून मेसेज पाठवायचे. पहिल्याच आठवड्यात मी रडकुंडीला येऊन विचारलं होतं, "काका, फळी उड्या मारायलीय. पातं तर नवं हाय."

"दात कुणीकडं हायेत?"

"कुणाचे?"

"माझे! आगं, पात्याचे! जमिनीकडं पाहिजेत दात. वर केले की ते फळी उचलून तुझ्या तोंडावर मारतंय."

बघितलं तर दात वर. मी पातं उलटं लावलं होतं!

असं सगळं त्यांनीच शिकवलं. फळीवर आधी पॅकिंगची चिकटपट्टी लावायची आणि चित्राचा कागद त्या पट्टीवर चिकटवायचा, म्हणजे शेवटी कागद सालासारखा निघतो आणि पातंही जळत नाही. पातं ताणून झालं की नखानं वाजवायचं. 'टण्ण' आलं तर बरोबर, 'थप्प' आलं तर ढिलं. मी पातं वाजवून त्याचा आवाज काकांना पाठवायची आणि ते सांगायचे, "अजून अर्धा आटा पीळ."

आणि त्यांच्या प्रत्येक मेसेजात मागून काकूंचा आवाज यायचा. सुमनकाकूंचा. "चहा गार व्हायलाय," नाहीतर, "त्या पोरीला विचारा, जेवली का?" काकू ग्रुपात कधीच नव्हत्या. पण आमच्यातल्या प्रत्येकाला त्या रोज विचारायच्या, जेवली का, जेवला का.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. आठवडाभर दवाखान्यात होत्या, एवढंच.

त्यानंतर काकांचा एकच मेसेज आला. "सगळ्यांना नमस्कार, मी बरा आहे." मागं नुसता पंख्याचा आवाज. मी तो मेसेज परत परत ऐकला. वेड्यासारखी कान लावून ऐकत होते, मागून कुणी बोलतंय का.

मग काकांनी मशीनवर काकूंची एक जुनी साडी टाकली. ती काही निघेना. वर्ष होत आलं तेव्हा सादिकभाईंचा फोन आला. सादिकभाई सेलूचे, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत आणि हौसेनं लाकडी मोर कापतात.

"भाभी, एक बुरी खबर हाय. काका मशीन भंगारात घालायलेत. वर्षश्राद्ध झालं की पुण्याला, मुलाकडं. हमेशासाठी."

"आणि ग्रुप?"

"ग्रुपचं काय! म्हणले, आता माझ्याच्यानं बोलणं होत न्हाई."

तुम्ही म्हणाल, कोण कुठले काका! पण भीती वाटली की आईला फोन लावावा तसा मी त्या माणसाला मेसेज टाकत होते. तो गप्प झाला तर मी पातं वाजवून कुणाला ऐकवायचं?

सादिकभाईंनीच डोकं लढवलं. वर्षश्राद्धाला काकूंचा चेहरा लाकडात कापून न्यायचा. काकांनीच शिकवलेल्या कामात काकूच समोर बघितल्या, तर काका ती साडी काढतील. मशीन राहील. बोलतील. फोटोवरून रेघांचं चित्र सादिकभाईंनी तयार केलं आणि कापायचं काम माझ्यावर आलं. "तुमचा हात बारीक हाय, भाभी." झालं! स्तुती केली की मी कुठल्याही विहिरीत उडी मारते.

आता हा चेहरा कसा कापतात ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोटोत जे काळं आहे, केस, भुवया, बुबुळं, ते सगळं कापून काढून टाकायचं. उजेडाचं तेवढं लाकूड ठेवायचं. मग मागं काळं कापड लावलं की भोकांतून काळं दिसतं आणि लांबून चेहरा उमटतो. पण मधलाच तुकडा काढायचा तर पातं आत शिरणार कुठून? म्हणून तिथं आधी ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं आणि मग कापायचं.

काकांचा पहिला नियम होता, "सगळी भोकं आधी. एक बी शिल्लक असताना मशीनला हात लावायचा न्हाई."

तर त्या दुपारी मी भोकं पाडत होते. डोळ्यांची पाडली, भुवयांची पाडली, केसांची पाडली. ड्रिल 'घर्रर' केलं की आतल्या खोलीत पियू हले. आणि पियू दचकून उठली तर ती रडते, रडली की तिला उचकी लागते, उचकी लागली की ती उलटी करते, आणि उलटी घशात अडकली तर? (माझं डोकं असंच चालतं, मनावर घेऊ नका.) एकच भोक राहिलं होतं. कपाळावरचं. काकूंचं कुंकू रुपयाएवढं होतं, ठसठशीत, फोटोत काळा गोल आलेला. म्हणलं, हे एक राहू दे. लेकरू उठल्यावर पाडू.

मंगळसूत्राचं सादिकभाईंनी आधीच सांगितलं होतं. "वो नाजूक लाईन छोड दो. तुटली तर पूरा गळाच जाईल." म्हणून मंगळसूत्र सोडलं.

मग मी कापत बसले. आणि सांगितलं ना, पातं चाललं की मी सगळं विसरते. सगळं म्हणजे सगळंच! लाईट जायच्या आत बाहेरची कडाही कापून झाली. कागदाचं टोक धरलं आणि ओढलं, तर अख्खा कागद केळीच्या सालीसारखा निघून आला. खाली गोरी फळी आणि त्यात काकू. हसऱ्या.

तो कागद मी चुरगळून केरात टाकला. त्याच्यावरच काकूंचं कुंकू होतं.

आमच्या यांनी संध्याकाळी बघितलं. "लय भारी झालंय गं! पण काहीतरी राहिल्यावाणी वाटायलंय."

"तुमाला भाजीत पण तसंच वाटतंय."

बिचारे कधी नव्हे ते खरं बोलले होते आणि मी त्यांना भाजीवर नेलं!

वर्षश्राद्धाच्या दिवशी काकूंना पियूच्या दुपट्यात गुंडाळून, पियूला कडेवर घेऊन मी पॅसेंजरनं पिंगळीला गेले. सादिकभाई सेलूहून आले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. काकांची थोरली बहीण, गंगाखेडच्या आत्याबाई, सगळा कारभार बघत होत्या. काकू सवाष्ण गेल्या, म्हणून एका सवाष्णीला जेवायला बसवायचं, तिची ओटी भरायची. हळदकुंकवाचं ताट तयार होतं. काका खुर्चीत बसले होते. केवढेसे झाले होते हो! सदरा खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता.

सादिकभाईंनी पाटावर जागा केली. मी दुपटं सोडलं, चेहरा उभा केला, वर झेंडूचा हार घातला आणि बाजूला झाले.

सगळे टक लावून बघायला लागले.

मला वाटलं, गहिवरले. माझा ऊर भरून आला. म्हणलं, मीरे, सातवी शिकून तू काय केलंस बघ!

"ही कोण गं?" आत्याबाई म्हणाल्या.

"काकू हायत, आत्याबाई."

"आमची सुमन? कपाळ बघ तिचं! गळा बघ! आगं, भरल्या कपाळानं गेली माझी भावजय, आन् तू तिला भुंडी करून आणलीस? ह्यो कोण मग?" त्यांनी काकांकडं बोट केलं. "ह्यो जित्ता समोर बसलाय का न्हाई?"

काकांनी चेहऱ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मीच गेलो म्हणायचं."

कुणी हसावं का रडावं, काही कळेना. सादिकभाई माझ्या कानाशी लागले, "भाभी, कुंकू का भोक किधर हाय?"

"केरात," मी म्हणलं.

शहाणी बाई इथं थांबली असती. पण मी! मी म्हणलं, त्यात काय, कुंकू तर ताटातच आहे. घेतलं पाण्यात कालवून आणि टेकवलं बोट कपाळावर. तुम्हाला माहीत आहे का, पॉलिश न केलेलं लाकूड पाणी कसं पितं? मलाही नव्हतं माहीत. ठिपका पसरला. मोठा झाला, अजून मोठा झाला. मग त्याला एक ओघळ सुटला आणि तो कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठापर्यंत आला. मी पदरानं पुसायला गेले तर सगळा गालच लाल!

"आई," पियू मोठ्यानं म्हणाली, "आज्जीला लागलं?"

आत्याबाईंनी डोक्याला हात लावला. भटजी घड्याळ बघायला लागले. मला वाटलं जमीन फाटावी, आणि मी तर जावंच, पण सोबत ते ताट पण जावं. भरल्या घरात, वर्षाच्या दिवशी, मी काकूंना आधी कुंकवाविना उभं केलं आणि मग रक्तबंबाळ केलं. मी पाटापुढंच बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

"मीरा," काका म्हणाले. "रडायचं तर लांब बसून रड. प्लाय फुगंल."

आणि ते उठले.

त्यांनी चेहरा उचलला, कोरड्या फडक्यानं टिपला आणि अंगणात उन्हाला ठेवला. स्वतः शेजारी बसले, आजारी माणसाजवळ बसतात तसे. भटजींना कुणी तरी चहा दिला. लाकूड वाळल्यावर काका मागच्या ओसरीत गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागं. मशीनवरची साडी त्यांनी काढली. भसकन ओढली नाही, नीट घडी घातली आणि घडी आत्याबाईंच्या हातात दिली.

आधी पॉलिशपेपरनं गाल घासला. मग कपाळावर पेन्सिलनं गोल काढला. कागद नाही, फोटो नाही. रोज बघितलेली जागा, ती काय मोजायची असते? भोक पाडलं, पातं ओवलं, ताणलं, नखानं वाजवलं. टण्ण. सादिकभाईंनी माझ्याकडं बघितलं.

मशीन सुरू झाली. वर्षानं. एक छोटा गोल आणि झालं. लाकडाची एक टिकली भुशात पडली. काकांनी ती शोधून काढली, फुंकली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"लाल कापड पाहिजे मागं," ते म्हणाले.

आत्याबाईंनी ओटीतला नवा खण घेतला, दातानं टोक धरलं आणि टर्रकन फाडला. "धर," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आन् गळा?"

"गळा राहू दे, आक्का. दवाखान्यात नर्सनं मंगळसूत्र काढून माझ्याच हातात दिलं होतं."

सादिकभाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सवाष्णीच्या पंगतीला आत्याबाईंनी मला हाताला धरून बसवलं आणि ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "जेव. भुंडं कपाळ करणारी, जेव आता पोटभर." तो टोमणा होता का माया होती, मला अजून ठरवता आलं नाही.

येताना गाडीत मला वाटत होतं, आपण जिंकलो. साडी निघाली, मशीन फिरली. आता काका कुठं जातात!

काका गेले. पुढच्याच आठवड्यात मुलगा न्यायला आला. चेहरा पेटीत घालू दिला नाही म्हणे, पिंगळीहून पुण्यापर्यंत मांडीवर धरून नेला. मशीन सादिकभाईंच्या हाती माझ्याकडं धाडली. निरोप एवढाच, "गंजू देऊ नको."

ग्रुप पुन्हा गप्प. मी पातं वाजवून आवाज पाठवला. ऐकल्याची खूण आली, उत्तर नाही. एकदा पाठवलं, "काका, टण्ण आलं का?" नाही उत्तर. पुण्याला त्यांच्या खोलीला खिडकी आहे का, ते जेवतात का, असले विचार करत मी भाकरी जाळायची. मला वाटायचं, माझ्यामुळंच झालं. मी नीट कापलं असतं तर ते राहिले असते.

मग मागच्या महिन्यात शेजारच्या गावातून एक काम आलं. त्यांचे वारलेले वडील लाकडात कापून पाहिजेत. म्हणलं, मीरे, या वेळी चूक नाही! कागद चिकटवला, ड्रिल उचललं आणि सगळ्यात आधी, डोळ्यांच्या आधी, भुवयांच्या आधी, कपाळावर मधोमध भोक पाडलं. पातं ओवलं आणि रुपयाएवढा गोल काढला. असला सुबक गोल, की बघत राहावं! मग उरलेली सगळी भोकं, मग आतलं, मग बाहेरचं. मागं काळं कापड, कपाळाला लाल. अभिमानानं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. "काका, या वेळी विसरले नाही."

आधी सादिकभाईंची हसरी तोंडं आली. भरपूर आली. मला कळेना, काय झालं.

मग काकांचा मेसेज आला. बोलून पाठवलेला. पुण्याला गेल्यापासूनचा पहिला. मी पियूला खाली ठेवलं आणि मोबाईल कानाला लावला.

ते खोकले. मग म्हणाले, "मीरा, भोकं आधी पाडलीस, हे चांगलं केलंस. गोल बी सुंदर आलाय. पण मला सांग, हे गृहस्थ सवाष्ण गेले का गं?"

आणि हसायला लागले. मी त्यांना कधी तसं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता आवाज बारीक झाला, कापायला लागला, आणि मेसेज संपला.

त्यानंतर ते रोज बोलतात. रोज माझी एक चूक काढतात. मीही रोज एक करून ठेवते.

तर तुमच्या ओळखीत कुणाकडं ही मशीन असेल, तर माझं एवढं सांगणं पोचवा. सगळी भोकं आधी पाडा, आणि कागद काढायच्या आत चेहरा एकदा डोळे भरून बघून घ्या. आणि अजून एक. ते गृहस्थ त्यांच्या मुलानं काही नेले नाहीत, माझ्याकडंच भिंतीला टेकून बसलेत. तुमच्याकडं कुणाचे आजोबा कपाळाला मोठा लाल टिळा लावत असतील, मिशा असतील आणि डावा कान जरा मोठा असेल, तर चुडाव्याला निरोप धाडा.

नाक थोडं इकडं तिकडं झालं तर जमवून घेऊ.